भुवईचं टोक

वृंदाचा एक नियम होता आणि नेदरलँड्समधल्या बाडहूव्हडॉर्प गावातल्या यच्चयावत मराठी आयांना तो पाठ होता: सोळा पूर्ण झाल्याशिवाय मुलीच्या चेहऱ्याला दोरा लागणार नाही. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली ही बाई तीन वर्षं घरात बसून कंटाळली आणि मग वरच्या खोलीत खुर्ची मांडून थ्रेडिंग करू लागली. हात असा, की युट्रेख्टहून बायका यायच्या. शिवाय चेहरे वाचायची. जयंती नावाच्या एका गिऱ्हाइकाच्या भुवयांची टोकं विरळ झालेली बघून तिनेच तिला दटावून डॉक्टरकडे धाडलं होतं. थायरॉइड निघालं.

पण दोन हजार वीसच्या उन्हाळ्यात हा हात बिनसला. मास्कमुळे दोरा दातात धरता येईना, गळ्याभोवती बांधावा लागे. वृंदाने सगळं खापर त्यावर फोडलं. दोरा तुटायचा, बोटं आखडायची. वजन वाढलं, तर म्हणे घरात बसून खाणं. जुलैत स्वेटर, तर म्हणे इथलं हवामानच मेलं तसलं. डिसेंबरात सरकारने पुन्हा पार्लरं बंद केली तेव्हा तिला चक्क सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचीच तिला भीती वाटली. या खुर्चीने तिला स्वतःचं नाव दिलं होतं. हात गेला, की ती पुन्हा नुसती अंबरीशची बायको.

इकडे तेरा वर्षांच्या लेकीचं, संहिताचं, वेगळंच. पाळी सुरू झाल्यापासून सरळ केस कुरळे व्हायला लागले होते आणि ओठावर काळसर लव आली होती. शाळा ऑनलाइन, त्यामुळे दिवसभर स्वतःचाच चेहरा समोर. तिने कॅमेरा बंद ठेवायला सुरुवात केली, शिक्षिकेची मेल आली. वयात येताना हे व्हायचंच, असं वृंदाने समजावलं. पण दोरा? नाव नको. दुसऱ्यांच्या मुलींना एक न्याय आणि आपल्या मुलीला दुसरा, हे तिला पटणारं नव्हतं. हट्टी ती हट्टीच.

जानेवारीत झूमवर हळदीकुंकू ठरलं. बाहेर जायची सोय नाही, म्हणून वृंदाने आपल्या भुवया करायला लेकीलाच दोरा शिकवला. पोरीने आठवडाभर स्वतःच्या नडगीवर सराव केला. शनिवारी दुपारी वृंदा तोंड धुऊन खुर्चीत बसली. रोज पेन्सिलीने रेखलेली भुवई साबणाबरोबर निघून गेली होती.

संहिताने दोरा खाली घेतला आणि वाकून बघत राहिली.

"आई, इथे टोकाला केसच नाहीयेत."

इतकी वर्षं दोरा फिरवल्यावर दुसरं काय होणार, असं म्हणत वृंदाने ते उडवून लावलं.

"जयंतीकाकूला तर तू ब्लड टेस्ट करायला लावलीस."

जगाचे चेहरे वाचणारी ही शहाणी बाई रोज सकाळी आरशासमोर उभी राहून स्वतःच्याच आजारावर पेन्सिल फिरवत होती. तिला भयंकर लाज वाटली. आणि पोरीचं कौतुकही वाटलं, ते तिने तेव्हा बोलून दाखवलं नाही.

रक्त तपासलं, थायरॉइड मंदावलेलं निघालं. रोज उपाशीपोटी एक गोळी सुरू झाली. भुवयांना वेळ लागेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बोटं मात्र सहा-सात आठवड्यांत मोकळी होऊ लागली.

मार्चमध्ये पार्लरं उघडली. पहिल्या दिवशी, साडेनऊचं गिऱ्हाईक यायच्या आधी, वृंदाने संहिताला वर बोलावून खुर्चीकडे बोट दाखवलं. नियमाचं काय, असं संहिताने विचारलं.

"तुझ्याकडे नीट न बघताच धरून बसले होते मी तो," वृंदा म्हणाली. "तुला हवंय का, ते सांग. नको असेल तरी चालेल."

संहिता बसली आणि तिने जिभेने वरचा ओठ आतून ताणून धरला. घरचीच पोर, म्हणून वृंदाने मास्क काढून दोरा दातात धरला. पोरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, पण ती हलली नाही, आणि दोरा एकदाही तुटला नाही.