नुसतं ‘हो’ म्हणू नका

वानखडे मावशींनी कधी बसून चहा घेतल्याचं मला आठवत नाही. राजधानीतल्या सरोजिनी नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टरच्या दारात, एक पाय चपलेत घालून त्या उभ्यानंच कप रिकामा करायच्या. "चलो, निघते. तिकडे माणसं खोळंबली असतील." तिकडे म्हणजे मोठ्या सरकारी इस्पितळात. केंद्र सरकारातली नोकरी संपल्यावर आराम करायचा सोडून या बाई रोज तिथं जायच्या. विदर्भातून आलेले पेशंट दिसले की त्यांच्यासोबत डॉक्टरांसमोर उभ्या राहायच्या. तिथं कागद इंग्रजीत, डॉक्टरांची घाई हिंदीत. मराठीत फक्त मावशी.

सुरुवातीला त्याही सगळं सांगून झालं की "समजलं ना?" एवढंच विचारायच्या. मग यवतमाळकडचे एक गृहस्थ भेटले. बायकोचं हृदयाचं ऑपरेशन होतं. सकाळी काही खायचं-प्यायचं नाही, असं मावशींनी बजावलं. ते अदबीनं "हो जी" म्हणाले आणि सकाळी त्यांनी बायकोला कपभर चहा पाजला. "चहानं कुठं पोट भरते, बाई?" ऑपरेशन लांबणीवर पडलं. पुढे ते नीट पार पडलं, पण मावशींची झोप उडाली ती उडालीच.

"आपली माणसं साहेबापुढं नाही म्हणतच नाहीत गं," त्या मला म्हणायच्या. "त्यांचं हो म्हणजे नुसता नमस्कार असतो." तेव्हापासून त्या प्रत्येकाकडून सगळं परत वदवून घ्यायच्या. कोणी गडबडला की पुन्हा पहिल्यापासून. डॉक्टर वैतागायचे. खरं सांगायचं तर मलाही ते अतीच वाटायचं.

गेल्या हिवाळ्यात त्या स्वतःच तिथल्या खाटेवर होत्या. गावाहून धाकटी बहीण, कमलताई, आली होती. तरुण डॉक्टर इंग्रजीत भराभर बोलून गेले. कमलताईंनी प्रत्येक वाक्याला मान हलवली. मला वाटलं, बिचारीला नंतर सांगू. पण पांघरुणाखाली मावशींचे पाय सारखे चुळबुळत होते.

"कमल, ते म्हणतात, आता औषधाचा उपयोग नाही. मला घरी न्यायचं. दुखू नये, एवढं बघायचं." मावशी म्हणाल्या. "आता तू सांग."

कमलताई रडायला लागल्या. मला ते बघवेना. मी म्हटलं, मावशी, राहू द्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. बहिणीचा हात धरून वाट पाहत राहिल्या.

"तुले घरी न्यायचं," कमलताई कशाबशा म्हणाल्या. "औषध नाही आता. तुले दुखू द्यायचं नाही."

"बरोबर," मावशी म्हणाल्या. पांघरुणाखालचे पाय तेव्हा कुठं थांबले.