गुडघ्यावरच्या लाल रेघा

मंदारचा फोन आला तेव्हा मी विजूताईच्या कांदिवलीच्या खोलीत तिचे मोजे धुऊन दोरीवर टाकत होतो. पावलात घालायचे मोजे नव्हेत. मांडीतून पाय कापल्यावर जो भाग उरतो, त्यावर चढवायचे जाड सुती मोजे. ते घालून मग मांडी कृत्रिम पायाच्या सॉकेटमध्ये, म्हणजे वरच्या पोकळ भागात, बसवायची असते. आदल्या संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये तिने मला सांगितलं होतं, "उद्या येताना दोन मोजे आण. धुतलेले." त्याच दिवशी सकाळी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता चालण्याचा प्रश्न उरलेला नाही, श्वासाचाच आहे. तरी मी तिला हो म्हटलं... फोनवर मंदार एवढंच म्हणाला, "मामा, आई गेली." मी हातातला मोजा पिळला, झटकला, दोरीवर टाकून चिमटा लावला आणि मग निघालो. तो मोजा सुकून त्याचा काही उपयोग होणार नव्हता, हे चिमटा लावतानाही मला ठाऊक होतं.

विजूताई माझी मोठी बहीण. वडील कामाला होते ती गिरणी बंद पडल्यावर त्यांनी तिला शिवणकामाच्या वर्गाला घातलं, आणि पुढे लग्नानंतर, यजमान अकाली गेल्यानंतरही तेच तिच्या कामी आलं. ब्लाउज शिवण्यात तिचा हात धरणारं त्या भागात कुणी नव्हतं. जीभही तशीच होती. एखादी बाई जुना ब्लाउज मापाला घेऊन आली की ताई तो बाजूला सारून फीत काढायची. "माप मागच्या दिवाळीचं आणलंस, अंग ह्या दिवाळीचं आहे ना गं?" बायका हसायच्या आणि दोन्ही हात वर करून गुपचूप उभ्या राहायच्या. आठ वर्षांपूर्वी लिंक रोडवर वळणाऱ्या पाण्याच्या टँकरखाली तिचा उजवा पाय सापडला. तो गुडघ्याच्या वरून काढावा लागला. शुद्धीवर आल्यावर तिने पहिलं विचारलं ते कापायला घेतलेल्या ब्लाउजांचं, आणि दुसरं, मशीन डाव्या पायाने चालेल का, हे.

मशीन डाव्या पायाने चाललं. अडचण होती ती उठण्याबसण्याची. सुरुवातीला कृत्रिम अवयव केंद्रात तिला जो पाय मिळाला, त्याच्या गुडघ्याला लॉक होतं. चालताना पाय काठीसारखा सरळ, बसताना बाजूचा खटका ओढून दुमडायचा, उठताना पुन्हा सरळ करून 'खट' आवाज येईपर्यंत थांबायचं. पडण्याची भीती जवळजवळ नाही. तिच्या वयाच्या आणि एकट्या राहणाऱ्या बाईला हाच बरा, असं केंद्रातले परेरा म्हणाले. हे परेरा मूळचे गोराईचे, कमी बोलणारे, आणि पाय बसवण्याचं काम वर्षानुवर्षं करत आलेले. पण ताईचं काम म्हणजे दर थोड्या वेळाने उठून कुणाचं तरी माप घेणं. तो खटका तिला नकोसा झाला. शिवाय पाय बाजूने फिरवून टाकत चालावं लागायचं. "दिंडी दरवाजा उघडल्यासारखी चालते मी," असं ती म्हणायची. वर्षभर परेरांच्या मागे लागून तिने चालताना दुमडणारा गुडघा मिळवला.

तो गुडघा मला पाहताक्षणी आवडला, कारण तो समजण्यासारखा होता. मी मुलुंडला राहतो, आणि माझी नोकरी विजेची मीटरं तपासण्यात गेली. ज्याच्या आतलं कळतं त्यावर माझा विश्वास बसतो. या गुडघ्यात बॅटरी नव्हती, तार नव्हती. अंगाचं वजन पडलं की आतला ब्रेक आवळायचा आणि गुडघा थोडा वाकलेला असला तरी तिथेच धरून ठेवायचा. वजन उचललं की ब्रेक सुटायचा आणि पाय पुढे यायचा. परेरांनी गवंड्यासारखा ओळंबा धरून मला दाखवलं होतं. वजनाची रेघ गुडघ्याच्या पुढून गेली तर गुडघा सरळ उभा राहतो, मागून गेली तर दुमडायला बघतो. म्हणून चपलेची टाच कायम एकाच उंचीची हवी. टाच वाढली की सगळा पाय पुढे कलतो आणि ती रेघ मागे सरकते. त्यानंतर ताईच्या चपला घ्यायला मीच बरोबर जायचो. खिशातली पट्टी काढून टाचेची उंची मोजायचो. दुकानदार एकदा म्हणाला, "काका, चप्पल घेताय की प्लॉट?" ताईने त्याला सुनावलं, "प्लॉटच समज. यावर मला उभं राहायचंय."

सॉकेटची जुळणी चालू असताना ती परेरांशी शिंप्याच्या भाषेत बोलायची. जांघेत काचलं की म्हणायची, मुंढ्यात, म्हणजे बाहीच्या जोडात, ओढतंय. परेरांना ते कळायचं. एकदा तिने विचारलं, यात माया ठेवली आहे का, म्हणजे उसवून सैल करता येईल असं जादा कापड. परेरा म्हणाले, नाही, यात माया ठेवता येत नाही, मोजे कमीजास्त करायचे तेवढंच हातात. सकाळी मांडी भरलेली असते, संध्याकाळपर्यंत ती बारीक होते. सकाळी एक मोजा, दुपारनंतर दुसरा. वर्षं गेली तशी मांडी आणखी उतरत गेली, मोजे वाढत गेले. हा हिशोब एकाच दिशेने जाणारा आहे हे मला दिसत होतं. तिलाही दिसत असणार...

पाय तपासायला मी दर रविवारी जायचो. कोरड्या कापडाने गुडघा पुसायचा, सांध्यात अडकलेले दोऱ्याचे तुकडे आणि धूळ जुन्या टूथब्रशने काढायची, सॉकेटला आतून तडा नाही ना ते बोट फिरवून बघायचं. पावडर जवळपासही आणायची नाही, ती आत जाऊन झीज करते. आणि तेल तर मुळीच नाही. परेरांनी हे आम्हा दोघांना पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. कुठलाही स्क्रू आपण फिरवायचा नाही, सैल वाटला तर तसाच घेऊन यायचं. पण सैल झालाय हे ओळखायचं कसं? आमच्या कामात स्क्रूवरून शेजारच्या धातूपर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढतात. स्क्रू जरासा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. परेरांना विचारून मी तसं करायचं ठरवलं. घरात रंग नव्हता, म्हणून ताईने मंदारच्या लग्नात घेतलेली लाल नेलपॉलिशची बाटली काढून दिली. मी चष्मा लावून एकेका स्क्रूवर रेघ ओढत होतो आणि ती मशीनवरून बघत होती. "नवऱ्याने जन्मात माझ्या पायाला नेलपॉलिश लावलं नाही," ती म्हणाली. "शेवटी भावाने लावलं."

मंदार हैदराबादला असतो. चांगला मुलगा आहे, हे मी मामा म्हणून नाही, बघून सांगतो. आईने आपल्याकडे राहावं ही त्याची इच्छा होती, आणि ताईला तिची खोली, मशीन आणि दारात येणाऱ्या बायका सोडायच्या नव्हत्या. बरीच भांडणं झाल्यावर दोघांत एक ठरलं. एकदा जरी पडली किंवा पाय बिघडल्याचं दिसलं, तर तिने खोली बंद करून त्याच्याकडे यायचं. ताईने हो म्हटलं आणि त्या दिवसापासून ती परीक्षेला बसल्यासारखी चालू लागली.

गेल्या गणपतीनंतर गुडघा करकरू लागला. प्रत्येक पावलाला बारीक कर्र... आम्ही केंद्रात गेलो. परेरांनी तपासून सांगितलं की आतलं बुश, म्हणजे सांध्याच्या दांड्याभोवतीची कडी, झिजलंय, ते मागवावं लागेल आणि यायला दसऱ्यानंतरचे दिवस उजाडतील. आवाज आहे म्हणून लगेच पडाल असं नाही, पण सुरक्षित म्हणून तोवर जुना लॉकवाला पाय वापरा. ताईने मान डोलावली. घरी आल्यावर मी लॉकचा पाय काढून पुसून ठेवला, तर म्हणाली, मंदार दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येतोय, मला या पायावर बघितलं तर खोलीला कुलूप लागलंच म्हणून समज. मी पुन्हा सांगू लागलो तशी ती मालवणीत गेली. राग आला की ती मालवणीत जायची. "मेल्या, पाय माझो की तुझो?" पाय तिचाच होता. मी त्या रविवारी आणि त्याच्या पुढच्याही रविवारी सगळ्या रेघा तपासल्या. सगळ्या जुळत होत्या.

दसऱ्याला आपल्याकडे ज्याच्यावर पोट चालतं त्याची पूजा होते. आमच्या घरी वडिलांच्या पान्यांची व्हायची. ताई दरवर्षी मशीन उघडून साफ करायची, नळीच्या तोंडाच्या छोट्या डबीतून प्रत्येक छिद्रात तेलाचा थेंब सोडायची, कात्र्या पुसायची, हळदकुंकू लावून झेंडूची माळ घालायची आणि त्या दिवशी मशीनला हात लावायची नाही. यंदा तिने मशीनशेजारी पाटावर तो पायही उभा केला. त्यालाही हळदकुंकू, त्यालाही फूल. आणि त्याआधी, मशीनला घातलं तसंच, त्याच डबीतून सांध्यात तेल.

आवाज थांबला. ती खूश झाली असणार. दुसऱ्या दिवशी मंदारची रिक्षा फाटकाशी आली तेव्हा ती दारात वाट बघत थांबली नाही, त्याला चालताना दिसावं म्हणून दारापासून फाटकाकडे जाणाऱ्या उतारावरून त्याला सामोरी गेली. उतारावर गुडघा थोडा वाकतो, तिथेच तर ब्रेकने धरायचं असतं. पण आवळून धरायची ती जागा आता तेलाने बुळबुळीत झाली होती. मंदार रिक्षावाल्याला सुटे देत होता. त्याने मान वर केली तेव्हा ती खाली होती.

त्याच बाजूचा खुबा मोडला होता. ऑपरेशन ठीक झालं, पण पडून राहिल्याने छातीत कफ झाला, आणि मग एकेक गोष्ट हातातून सुटत गेली. तिसऱ्या का चौथ्या दिवशी, मंदार औषधं आणायला खाली गेला असताना, मी तिला विचारलं की रेघा तर सगळ्या जुळलेल्या आहेत, मग गुडघा सुटला कसा. तिने पांघरुणाची शिवण चिमटीत धरून पाहिली. मग लहान मुलीसारखं म्हणाली, "मशिनीक चलता, मगे ह्येका कित्याक नाय?" मशीनला चालतं, मग याला का नाही... मी समजावायला लागलो की मशीनचा सांधा फिरण्यासाठी असतो आणि याचा धरण्यासाठी. अर्ध्यातच थांबलो. ज्याचा आता उपयोग नाही ते माणसाला समजावू नये. ती म्हणाली, "आवाज मात्र थांबला होता हां." आणि मंदारला सांगू नको म्हणाली.

दिवसकार्य झाल्यावर मी पाय घेऊन परेरांकडे गेलो. कुणा गरजूला मिळावा असं वाटत होतं. त्यांनी गुडघा उघडला, ब्रेकवरून कापूस फिरवला, वास घेतला आणि कापूस माझ्यासमोर ठेवला. मी तेलाचं सांगितलं. मग ते म्हणाले की सॉकेट तिच्याच मापाचं, दुसऱ्या कुणाला होणार नाही. गुडघ्याचा ब्रेक तेल प्यायलाय, बुश गेलेलं, असा गुडघा ते कुणाला लावणार नाहीत. मागवलेलं बुश टेबलाच्या खणात तसंच पडलं होतं. "घरी न्या," ते म्हणाले. "इथे टाकवणार नाही मला."

हे सगळं लिहिण्याआधी मी मंदारला फोन करून सांगितलं. ताईचा शब्द मोडला, पण खरं कारण माहीत नसलं तर तो आयुष्यभर आपण रिक्षातून लवकर उतरलो असतो तर, असं काहीबाही धरून बसेल असं मला वाटलं. तो ऐकून घेत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे मी तशी अट घातली नसती तर तिने तेल घातलं नसतं. असंच ना, मामा?" अट प्रेमाची होती, पूजाही प्रेमाचीच होती, आणि नियम तिला पाठ होते. मी आयुष्यभर चूक कुठे झाली ते शोधत आलो. इथे ती सापडली, आणि सापडून काही झालं नाही.

खोली मंदारने रिकामी केली. मशीन तिच्याकडे शिवायला येणाऱ्या एका बाईने नेलं. पाय माझ्याकडे आहे, मुलुंडला, कपाटाशेजारच्या कोपऱ्यात. तो तिच्या चपलेत उभा आहे, कारण त्या टाचेशिवाय तो नीट उभा राहत नाही. गुडघ्याच्या वाटीवर दसऱ्याचं कुंकू तेलात पसरून वाळलंय. ते मी पुसलेलं नाही. रविवारी सकाळी हात रिकामे राहतात, मग मी चष्मा लावून त्याच्यापुढे बसतो, कोरडं कापड फिरवतो आणि एकेक स्क्रू बघतो. बायको चहा बाजूला ठेवून जाते. लाल रेघा सगळ्या जुळलेल्या आहेत. एकही तुटलेली नाही.