धुळेटीची आग

सैनिकी आठवण सांगा म्हटलं की लोकांना गोळीबार हवा असतो. गोळीबार मी पाहिला आहे, त्याबद्दल पुन्हा कधीतरी बोलेन. मला झोपेतून उठवते ती आठवण सीमेवरची नाही. ती सुरतेपासून ट्रकने काही तासांवर असलेल्या एका डोंगराची आहे, आणि त्या दिवशी मी रजेवर होतो.

१९७३ सालच्या मार्चमध्ये मला वार्षिक रजा मिळाली. मी तेव्हा हवालदार होतो. माझ्याबरोबर माझ्याच सेक्शनचा लान्स नायक नामदेव निघाला. तो अंमळनेरकडचा, मी धुळ्याकडचा. दोघांचेही भाऊ सुरतेत उधन्याच्या एकाच गिरणीत मागावर कामाला होते, एकाच चाळीत राहत होते. होळी त्यांच्याकडे करायची आणि मग आपापल्या गावी जायचं, असं ठरलं होतं.

नामदेव कसा होता ते आधी सांगतो. त्याआधीची काही वर्षं आमची बटालियन पूर्वेकडच्या डोंगरांत होती. पेट्रोलवर, म्हणजे गस्तीवर, निघालं की रात्री जंगलात मुक्काम करायचा आणि उजाडायच्या आत तो सोडायचा. या मुक्कामाला आम्ही हार्बर म्हणतो. हार्बर सोडताना शेवटचा माणूस मागे थांबतो. बिस्किटाचे कागद, काडेपेटीच्या काड्या, रिकामे डबे, सगळं उचलायचं नाहीतर पुरायचं. शत्रूला माग लागू नये म्हणून हा नियम. हे काम कुणालाच आवडत नाही, कारण बाकीचे पुढे जातात आणि अंधारात आपण एकटे उरतो. नामदेव ते मागून घ्यायचा. चुलीच्या जागी तो उलटा हात टेकवायचा आणि हाताला गारवा लागल्याशिवाय उठायचा नाही.

वायरलेस सेटवर मी विचारायचो, "हार्बर क्लिअर? ओव्हर."

"थांबा, उस्ताद. ओव्हर."

मला चीड यायची. पण तो क्लिअर म्हणाला की ती जागा खरोखर क्लिअर असायची. एकदा मी त्याला म्हटलं, शत्रू काय तुझ्या एका काडीवरून बटालियन मोजणार आहे? तो म्हणाला, "शत्रूचं सोडा. इथं हरणं पाणी प्यायला येतात. डब्याच्या पत्र्यानं जीभ कापते त्यांची." असा माणूस. फौजेत चुकून आला होता की काय, असं मला वाटायचं.

धुळेटीला, म्हणजे होळीच्या दुसऱ्या दिवशी, सुरतेच्या गिरण्या बंद असतात. चाळीतल्या मंडळींनी भाड्याने ट्रक ठरवला आणि आम्हा दोघांना वर चढवलं. मांडवीच्या पुढे सागाचं जंगल लागतं, तिथे बट्ट्यांचा, म्हणजे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचा, बेत होता. सोबत गोवऱ्यांची पोती, पिठाचा डबा, भरताची वांगी आणि पाण्याचं एक पिंप. पुढारी होते भिका अण्णा, माझ्या भावाच्या खात्यातले मुकादम. पन्नाशीचे, जाड मिशीचे, बोलायला गोड. बट्ट्या भाजाव्यात त्यांनीच, असं सगळी चाळ म्हणायची.

जागा छान होती. एक ओढा, आटत आलेला. दोन्हीकडे साग, आणि खाली वाळलेल्या पानांचा थर. सागाचं पान ताटाएवढं असतं, पायाखाली पापडासारखं मोडतं. वरच्या टेकाडावर एक गवती झोपडी दिसत होती. अण्णांनी पानं थोडी बाजूला सारून गोवऱ्या रचल्या. बट्ट्या उत्तम झाल्या. आम्ही दोन वर्षांत तसं जेवलो नव्हतो आणि मी आडवा हात मारला.

जेवणं झाल्यावर आमच्या लोकांनी जंगलात जे करायचं ते सगळं केलं. पत्रावळी जिथल्या तिथे टाकल्या. सोड्याच्या बाटल्या दगडावर फोडून नेम धरले. पिंपातल्या उरल्यासुरल्या पाण्याने तोंडाचा रंग धुतला. नामदेव एक पोतं घेऊन काचा वेचू लागला, तेव्हा सगळे हसले.

"काय रे फौजी, जंगलले पोतेरं माराले उना का?" एकाने विचारलं.

नामदेवही हसला. मग विस्तवापाशी गेला आणि अण्णांना म्हणाला, "अण्णा, याच्यावर पाणी टाका."

"पानी सरनं. राखखाल दाबी दिधा ना भाऊ. आते निजना तो."

"घरी रात्री काकू विस्तव राखेखालीच दाबतात ना? कशाला?"

"सकायले चूल पेटाडाले."

"मग?"

अण्णा मोठ्याने हसले. आमच्या खानदेशातल्या घराघरात हेच होतं. विस्तव जिवंत ठेवायचा तर राखेखाली दाबायचा, आणि रानात विझवायचा तरी राखेखालीच दाबायचा. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात सुखाने नांदत होत्या. नामदेवने वाद घातला नाही. रिकामा डबा उचलला आणि पाणी आणायला ओढ्याच्या खालच्या डोहाकडे गेला. मला म्हणाला, "मी येईपर्यंत ट्रक सोडू नका, उस्ताद."

मी बायका-पोरांना ट्रकमध्ये चढवत होतो. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. तेवढ्यात कुणाला तरी आठवलं की दोन-चार बट्ट्या राखेतच राहिल्या. अण्णांनी काठीने राख उकरली. बट्ट्या निघाल्या, त्यांच्याबरोबर निखारेही घरंगळले. दुपारचा वारा सुटला होता. पेटलेलं एक पान उचललं गेलं आणि चढावर जाऊन पडलं. नामदेव डबा घेऊन धावत आला तेव्हा चढ पेटला होता. त्या डब्यातलं पाणी कुठे ओतावं हेही कळत नव्हतं.

"चाला, चाला, बसा गाडीमा!" अण्णा ओरडले. माणसं ट्रकवर चढू लागली.

नामदेवने माझ्याकडे पाहिलं. तो लान्स नायक, मी हवालदार. ऑर्डर मी द्यायची होती, पण दिली त्याने.

"बायका-पोरं गाडीत. गडी माणसं खाली. ओल्या फांद्या तोडा आणि झोडा."

तो आवाज ऐकून निम्मे गडी उतरले. अण्णाही उतरले, हे मी सांगितलंच पाहिजे. आम्ही झोडायला लागलो. तेवढ्यात वरून एक म्हातारी पळत आली. मोहाची फुलं वेचत असावी, टोपली अजून काखेत होती. झोपडी तिची होती.

"मारा बळद बांधेला छे! बळद बांधेला छे!"

झोपडीला लागून गवती गोठा होता, त्यात तिची बैलजोडी बांधलेली होती, आणि आग तिकडेच चालली होती. नामदेवने डब्यातलं पाणी गोवऱ्यांच्या एका रिकाम्या पोत्यावर ओतलं, पोतं डोक्यावर घेतलं आणि वर पळाला. मी हाक मारली. त्याने हात वर केला, थांबला नाही.

धुरातून आधी एक बैल बाहेर आला, मग दुसरा. दोघांच्या गळ्यात कापलेले दोर लोंबत होते. मी तिसऱ्याची वाट पाहत होतो. गोठ्याचं छप्पर बसलं, त्याचा आवाज मला आजही ऐकू येतो, आणि तो ऐकला की मी अंथरुणात उठून बसतो. मी आणि माझा भाऊ आत शिरलो आणि त्याला ओढून काढलं.

सुरतेपर्यंत भिका अण्णांनी त्याचं डोकं मांडीवर धरून ठेवलं. दवाखान्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि मान हलवली. युद्धात असं मान हलवणं मी पाहिलं होतं. तेव्हा मी रडलो नव्हतो. इथे रडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शुद्धीवर आला. तोंडावर पट्ट्या होत्या, एक डोळा उघडा होता.

"उस्ताद, बैल?"

"दोन्ही बाहेर आले."

"आग इझनी का?"

खोटं बोलावं असं मनात आलं. पण त्याला मी कधी खोटा रिपोर्ट दिला नव्हता.

"नाही. डोंगर पेटलेला आहे अजून. सकाळी मांडवीहून आलेला बसवाला सांगत होता."

तो म्हणाला, "मंग तुम्हीन आठे काय करी ऱ्हायनात? जा."

हातात हात होता तो मी सोडला. दारात भिका अण्णा उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते चाळीत गेले आणि घरोघरी जाऊन माणसं उठवली. आम्ही बसने मांडवीला गेलो. जंगल खात्याचे गार्ड आणि पाड्यावरची माणसं रात्रभर झोडत होती. आम्हाला पाहून कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं. ती म्हातारी भेटली. तिची मोहाची झाडं काळी पडली होती, त्या साली वेचायला फुलंच उरली नव्हती. तिने आम्हाला पाणी दिलं.

आग विझायला आणखी एक रात्र गेली. शेवटी मी एकेका खोडाशी वाकून उलटा हात टेकवला. अण्णा माझ्या मागून तेच करत होते.

सुरतेला परतलो तेव्हा त्या खाटेवर दुसराच कुणी झोपला होता.

पुढे नोकरी संपवून मी उधन्यालाच स्थायिक झालो. सुट्टीच्या दिवशी डोंगरात निघालेली माणसं दिसली की मी अडवतो. विस्तवावर पाणी ओता म्हणतो, नसेल तर पेटवूच नका म्हणतो, तुमचा कचरा तुमच्या गाडीतून परत आणा म्हणतो. माझ्या पाठीमागे मला वेडा हवालदार म्हणतात. म्हणू देत.

बटालियनच्या स्थापना दिवशी शहिदांची नावं वाचतात. नामदेवचं नाव त्यात येत नाही, कारण तो रजेवर असताना गेला. नियम बरोबर आहे, माझी तक्रार नाही. नावं संपतात, सगळे सावधानमध्ये उभे असतात, बिगुल वाजायचा असतो. तेवढ्या शांततेत मी त्याचं नाव घेतो आणि सांगायचा राहिलेला रिपोर्ट देतो. नामदेव, आग विझली.