पेटीतली वॉफलं

नातसुनेनं फ्रीजरमधून चौकटीचौकटींचं वॉफल काढलं आणि मला महायुद्धातून परतलेले काका आठवले. त्यांनी इटलीतून तसलीच वॉफलं भाजायचा बिडाचा साचा आणला होता. रोजची न्याहारी म्हणे झटपट व्हायला हवी! म्हणून स्वारीनं दुपारभर चुलीपुढं बसून वॉफलं भाजली, सायकलवर मिरजेहून बर्फाची लादी आणली आणि भुशाच्या पेटीत दोन्ही ठेवलं. सकाळी पेटीत पाणी, पाण्यात भुसा आणि भुशात लगदा. आई म्हणाली, “आवं भावजी, झटपट न्याहारीला मिरजेला जायाचं? दुरडीत रातची भाकरी हाय न्हवं!” काकासाहेबांनी ठेच्याशी तीन भाकरी हादडल्या. आज मीही शिळी भाकरी मागितली, तर ते महिन्यापूर्वीचं वॉफल गरम करून पुढं सरकवत नातसून म्हणते, “आजी, आपल्याकडे शिळं कुणी खात नाही.”