कुंडीतला खवला

माझा नवरा ऑफिसातल्या टेबलावर झाड ठेवत होता, हे मला तो गेल्यावर कळलं. त्याच्याबरोबर काम करणारे दोघे एक खोका घेऊन घरी आले. खोक्यात चष्मा, चहाचा मग, एसीसाठी ठेवलेला स्वेटर आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली जेड नावाच्या झाडाची कुंडी. वीतभर उंची, जाड गोलसर पानं. घरात ज्याने कधी तुळशीला तांब्याभर पाणी घातलं नाही, त्या माणसाने तिकडे हे पोसलं होतं. मला आधी रागच आला.

सासूबाईंनी कुंडी मांडीवर घेतली ती संध्याकाळपर्यंत सोडली नाही. तो गेला त्या दिवशी उशीर झाला म्हणून सकाळी न खाताच निघाला होता. आदल्या दिवशीचं बांगड्याचं तिखलं त्यांनी गरम करून ठेवलं होतं, भाकरी ताटात होती, आणि "कँटीनमध्ये खातो" म्हणत तो लिफ्टमध्ये शिरला. अकरा वाजता ऑफिसातून फोन आला. "माझो झील उपाशी गेलो," हे त्या नंतर इतक्यांदा म्हणाल्या की मी भाजी चिरता चिरता नुसती मान हलवायला शिकले.

लालबागला आमची चाळ होती तिथेच आता आमचा टॉवर आहे. चौदाव्या मजल्यावर हॉलची खिडकी पश्चिमेला, तिथे कुंडी ठेवली. पाणी मी घालायचं ठरलं, पंधरा दिवसांनी एकदा, कारण मोबाइलवर तसं वाचलं होतं. वर्षभर बरं चाललं. मग खालच्या पानांवर डाग दिसायला लागले.

मी परळला एका लॅबमध्ये रक्त काढते. सुया टोचून टोचून प्रश्न विचारायची सवय लागलीय. कधीपासून? आधी कुठे? पसरतंय का? उन्हाने भाजलं असतं तर डाग कोरडे, पांढुरके आणि खिडकीकडच्या बाजूलाच असते. कीड असती तर पानाच्या बेचक्यात कापसासारखं काही दिसलं असतं. शेजारीण म्हणाली, खाली मसाला कुटायचा डंक आहे, त्याची मिरचीपूड उडून बसत असेल. चौदाव्या मजल्यावर? हे डाग काळपट, खोलगट, कडेला पिवळे होते आणि दाबलं की पाणी सुटत होतं. ही बुरशी, असं मी ठरवून टाकलं. डागाळलेली पानं खुडली, राहिलेल्यांवर कडुनिंबाचं तेल फवारलं आणि कुंडी दुपारच्या उन्हात सरकवली. तेल लावून उन्हात ठेवल्याने वरची चांगली पानंही भाजली. म्हणजे आता दोन प्रकारचे डाग झाले. अर्धवट शहाणपणा म्हणतात तो हाच.

त्यात कुंडीभोवती मुंग्या. झाडाला मुंग्या कशाला, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही.

शेवटी दोन पानं डबीत घालून दादरला गेले. स्टेशनच्या बाहेर एक म्हातारा रोपं विकायला बसतो. झाड कुठलं, डाग कसे, दाबलं की पाणी सुटतं, सगळं सांगितलं. त्याने डबी उघडलीसुद्धा नाही.

"पानाचं राहू दे. पाणी कोण घालतं?"

"मीच. पंधरा दिवसांनी."

"मग अजून कोणीतरी घालतंय, ताई. घरी जाऊन कुंडी उलटी करा."

घरी आले, जमिनीवर पेपर पसरला आणि कुंडी उलटी केली. आत चिखल. मुळं काळी, बोटाने ओढली तर साल हातात आली. आणि वास. तो वास कसला, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. मातीत नखाएवढा एक खवला चमकत होता.

कोकणातल्या माणसाच्या घरात मासे धुतलेलं पाणी कोणी मोरीत ओतत नाही. ते झाडाचं. चाळीत सासूबाईंनी तेलाच्या डब्यात कढीपत्ता लावला होता, तो याच पाण्यावर एवढा माजला की अर्धा मजला त्याची पानं न्यायचा. गुलाबाला चालतं, मिरचीला चालतं. पण हे झाड पाणी पानात साठवून बसतं, त्याला सारखं पाणी म्हणजे मरण. सासूबाईंची नजर अधू झालीय, तरी मासे अजून त्याच साफ करतात, बुधवार, शुक्रवार, रविवार. हाताला सगळं कळतं म्हणतात. डाग मात्र हाताला कळले नव्हते.

"आई, ह्यात माशाचं पाणी घालता तुम्ही?"

"घालतंय. तू त्येका पंधरा-पंधरा दिस उपाशी ठेवतंस. माका बघवना नाय."

"मग संपलं हे झाड. त्याचं तेवढं एक उरलं होतं, तेही मारलंत तुम्ही."

बोलून गेले. तोंडाला लगाम नाही, हे माझी आई लग्नाआधीच सांगून मोकळी झाली होती. सासूबाईंनी दोन्ही हात पदराला पुसले. मग म्हणाल्या, "मी आता हात लावूचंय नाय." बुधवारी बांगड्यांची पिशवी ओट्यावर तशीच पडून राहिली. मी साफ केले, निम्मे काटे आतच. त्या जेवायला बसल्या नाहीत. भूक नाही म्हणाल्या. शुक्रवारीही तेच, आणि पुढेही पेजेच्या दोन घासांवरच राहिल्या. मला भीती वाटली. लॅबमध्ये मी रोज म्हातारी माणसं बघते, खाणं सुटलं की पुढे काय होतं ते मला माहीत आहे.

झाडाची तीन टोकं अजून स्वच्छ होती. सुरी स्पिरिटने पुसून कापत वर गेले, आतला गर हिरवा दिसेपर्यंत. कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावायची होती, म्हणून खाली मसाल्याच्या दुकानात गेले. तो म्हणाला, "वहिनी, मसाला किती किलोचा?" म्हटलं, चिमूटभर, औषधाला. पाच दिवस तुकडे पेपरवर सुकू दिले, मग वाळू आणि विटेच्या चुऱ्यात थोडीशी माती कालवून लावले. आठवडाभर पाण्याचा थेंब नाही.

मग कुंडी घेऊन सासूबाईंच्या पलंगावर बसले. म्हटलं, "आई, चुकलं माझं. तेल लावून उन्हात मीच ठेवलं होतं. दोघींनी मिळून केलं आपण." मी त्यांचा अंगठा धरून पानावर ठेवला. "पापलेट घेताना दाबून बघता ना, तसं बघा. घट्ट असेल तर पाणी नको. मऊ पडलं, सुरकुतलं की मला सांगा."

आधी हात मागे घेतला. मग एकेक पान दाबलं, बाजारात दाबतात तसं, घाई न करता. तिसऱ्या तुकड्याशी थांबल्या. "ह्यां सडतला." मला काहीच दिसलं नाही. चार दिवसांनी नेमका तिथेच डाग उठला. तो तुकडा काढून टाकला. दोन राहिले.

आता खिडकीत कढीपत्त्याचीही कुंडी आहे, माशाचं पाणी तिला. मासे पुन्हा सासूबाई साफ करतात. जेवतातही, पण मोजून. कधी मी साफ केले आणि काटे निघाले, तर मला ऐकवतात.

परवा रविवारी त्या हात धुऊन खिडकीशी गेल्या. कढीपत्त्याला पाणी घातलं, भांडं खाली ठेवलं आणि जेडचं पान दोन बोटांत धरून उभ्या राहिल्या. मी ताटं घेत होते. मला वाटलं मला काही सांगतायत, पण त्या माझ्याशी बोलत नव्हत्या.

"नको," म्हणाल्या. "ह्येचा प्वाट भरलेला आसा."

मग पानावरून एकदा अंगठा फिरवला आणि जेवायला येऊन बसल्या. मी त्यांना भात वाढला. त्यांनी अजून थोडा मागितला.