बरणीतला बार्नॅकल

सागरी जीव कुठे राहतात, हे प्रकरण मी धुळ्याच्या महाविद्यालयात वर्षानुवर्षे शिकवत आलो आहे. फळ्यावर वरची रेघ पाण्याच्या पृष्ठभागाची, खालची तळाची. प्रवाहाबरोबर वाहणारे, स्वबळावर पोहणारे आणि तळाशी वाळूत, चिखलात, खडकावर राहणारे असे सारे जीव या दोन रेघांत मावत.

पत्नी गेल्यापासून घरात मी एकटाच असतो. मुलगी रत्नागिरीला नोकरी करते. "बाबा, घर विका आणि इकडेच राहायला या," असे ती फोनवर म्हणे. "परीक्षा संपू दे," असे मी म्हणे. यंदा परीक्षा संपली, तरी मी तेच म्हणत राहिलो.

घरी बसवेना म्हणून सुट्टीतही मी प्रयोगशाळेत जाऊन नमुन्यांच्या बरण्या पुसत असे. एकदा गुणपत्रिका न्यायला आलेली पिंपळनेरची एक विद्यार्थिनी आत डोकावली. एका बरणीत लाकडाच्या तुकड्यावर पांढुरके खडे दिसत होते.

"सर, हाई दगड शे का जीव?" तिने विचारले आणि स्वतःच ओशाळली.

"जीव. बार्नॅकल. लहानपणी पाण्यात पोहतो. मग जागा शोधून डोक्याकडून चिकटतो, तो कायमचा."

"आणि जागा नाही आवडली तर?"

"म्हणून आधी चाचपून पाहतो. त्याच्या जातीचे आधीच चिकटलेले असतील, तिथे बहुधा बसतो."

"म्हणजे आपल्या माणसांत! आणि तुम्ही सर, सुट्टीतही इथं बरण्या पुसताय." तिने जीभ चावली आणि हसत निघून गेली.

पुसायचे फडके हातातच राहिले. मुलीच्या घरी आपली अडचण झाली तर परतायला जागा उरणार नाही, ही माझी भीती होती. त्या भीतीला मी परीक्षेचे नाव दिले होते. मी मुलीला फोन लावला.

"परीक्षा केव्हाच संपली, बेटा. मी खोटे बोललो."

"माहीत आहे, बाबा. वेळापत्रक नेटवर असतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी सांगता, ते बघत होते."

मी फडके खाली ठेवले.

"घर आत्ताच विकत नाही," मी म्हणालो. "सुट्टीभर येतो. आधी राहून पाहतो."

"या ना. पण बाबा, इथे बरण्या नाहीत हं."


बरणी फडताळात ठेवून मी रत्नागिरीचे तिकीट काढायला एसटी स्थानकाकडे निघालो.