शेवट आधी सांगणाऱ्या मॅडम

"आखिर में बूढ़ा मर जाता है और लड़की गाँव लौट जाती है. अब देखो."

एवढं बोलून माईक टेबलावर आडवा ठेवायचा, पदर कमरेला खोचायचा आणि पुढच्या रांगेत जाऊन बसायचं. मॅडमचा पिक्चर असा सुरू व्हायचा. पोरं हाय हाय करायची. एकजण मागून ओरडायचा, "मैडम, फिर देखें क्या?" मॅडम मान न वळवता म्हणायच्या, "अब ही तो देखोगे. वरना दो घंटे बस यही सोचते रहते कि मरेगा या नहीं."

मी आठवी नापास माणूस. युनिव्हर्सिटीच्या हॉलचा चपराशी होतो, रिटायर झाल्यावरही चाव्या माझ्याकडेच राहिल्या, कारण कुठलं बटण कुठल्या पंख्याचं ते दुसऱ्या कोणाला माहीत नव्हतं. मॅडम हिंदी शिकवायच्या. दर शनिवारी दुपारी पोरांना पिक्चर दाखवायच्या, चहाच्या भावात. आगर, बडनगर, शाजापूरकडची पोरं, होस्टेलात राहणारी. मॉलमधलं तिकीट त्यांना कुठून परवडणार? ज्याच्या खिशात तेवढेही नसतील त्याला मॅडम पिक्चर संपल्यावर सतरंज्या उचलायला लावायच्या. म्हणजे तो मान खाली घालून आत येत नसे.

हॉलला पडदे नव्हते. ऊन सरळ आत. मग मॅडमनी भैरवगढच्या वेलबुट्टी छापाच्या चादरी आणल्या आणि माझ्या बायकोनं त्या दुहेरी करून शिवून दिल्या. तरी थोडं ऊन झिरपायचंच, आणि मागच्या रांगेवर वेलबुट्टी पडायची. त्या रांगेत दाराजवळची खुर्ची हिची. शिलाई घेतली नाही, खुर्ची घेतली. पिक्चर कुठल्या देशाचा, बोली कुठली, हिला फरक पडत नसे. म्हणायची, "शेवट तर कळलेलाच असतो. मी माणसं बघते."

मॅडमचा आणखी एक हट्ट होता. सुरू केलेला पिक्चर अर्धा सोडायचा नाही. एकदा लाइट गेली ती तासभर आली नाही. होस्टेलचं गेट बंद व्हायची वेळ आली, वॉर्डनचा फोन आला. मॅडम अंधारात बसून राहिल्या आणि पोरांनाही बसवून ठेवलं. मी म्हटलं, मॅडम, शेवट तर सांगून झालाय, जाऊ द्या ना घरी. तर म्हणाल्या, "सांगणं वेगळं, पोचणं वेगळं. अर्ध्यात उठून जाणं म्हणजे मयत टाकून जाणं." अशी तोंडाची फटकळ बाई. माझंही तोंड तसलंच, म्हणून आमचं जमायचं.

मग हिचं पोट दुखायला लागलं. इंदूरला नेलं. डॉक्टरनं मला आणि मुलाला बाहेर बोलावून सांगितलं की आता काही उरलं नाही. मुलगा म्हणाला, बाबा, आईला सांगायचं नाही. मीही म्हटलं, नाही सांगायचं. हिला सांगितलं, अल्सर आहे, पथ्य केलं की बरं वाटेल. ही बिचारी पथ्य करायची. वरून मंगळवारचा उपास.

मॅडमना मात्र मी सांगितलं होतं. कोणाला तरी सांगावं लागतंच.

एका दुपारी त्या घरी आल्या. हिनं मला चहा ठेवायला पाठवलं. आमचं घर केवढं, स्वयंपाकघरात सगळं ऐकू येतं. ही म्हणाली, "मॅडम, तुम्ही सगळ्या दुनियेला शेवट सांगता. मला कोणी सांगत नाहीये."

चहा उतू गेला तरी मी गॅस बंद केला नाही.

"तुम्ही यातून उठणार नाही," मॅडम म्हणाल्या. "फार दिवस नाहीत."

"बरं," ही म्हणाली.

मी बाहेर आलो आणि म्हटलं, "मॅडम, तुम्ही आता निघा. परत येऊ नका." त्या उठल्या, चपला घातल्या, गेल्या.

हिनं दुसऱ्याच दिवशी उपास सोडला. पथ्यही सोडलं. देवास गेटवरून कचोरी आणवली, अर्धी खाल्ली, ओकली, आणि म्हणाली, मजा आली. मला म्हणाली, "तुम्ही मला येडं समजत होता काय हो?" मग म्हणाली, शनिवारी मला पिक्चरला न्या. आणि मॅडमना सांगा, या वेळी शेवट सांगू नका.

ज्या बाईचं तोंड बघायचं नव्हतं तिच्यासमोर जाऊन मी उभा राहिलो आणि म्हटलं, "हिला आज शेवट नकोय." मॅडमनी मागं वळून त्या खुर्चीकडे बघितलं. माईक उचललाच नाही. पोरांनी टाळ्या पिटल्या, त्यांना काय ठाऊक.

एका म्हातारीचा पिक्चर होता. बकरी घेऊन ती बहिणीला शोधायला निघते. बस स्टँडवर येऊन बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला गाडी विचारते. तेवढ्यात हिला कळ आली. तोंडावर वेलबुट्टी पडली होती, म्हणून मला आधी कळलं नाही. उचलूनच बाहेर आणली.

ई-रिक्षात माझ्या खांद्यावर डोकं टाकून म्हणाली, "अहो, गाडी आली असेल का तिला?"

"आली असेल. तू गप पडून राहा."

तो हिचा शेवटचा पिक्चर.

दहाव्याला मॅडम दारात आल्या. मी या म्हटलं नाही. थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि गेल्या. मी चाव्या मुलाच्या हातून पाठवून दिल्या. पुढे त्या रिटायर झाल्या, शनिवार बंद पडला. आता हॉलमध्ये परीक्षेची बाकडी भरलीत. लोक विचारतात, मॅडमनी केलं ते बरोबर की चूक? मी म्हणतो, चूक. ही असती तर बरोबर म्हणाली असती.

या थंडीत मॅडम गेल्या. मी चक्रतीर्थाच्या स्मशानात गेलो, मुद्दाम लांब बसलो. एक जुना विद्यार्थी ओळखून जवळ आला. आता कुठेतरी मास्तर आहे. म्हणाला, "बाबा, उस दिन आप लोग गए और मैडम ने उठकर पिक्चर बंद कर दी."

मी म्हटलं, "बंद कर दी, मतलब?"

"वहीं, बस स्टैंड पर. हमने बहुत हल्ला किया. बोलीं, आज किसी को नहीं दिखाऊँगी. वो पिक्चर फिर कभी दिखाई भी नहीं."

कपाळक्रिया झाली. लोक शिप्रेवर हातपाय धुऊन निघाले. तो मास्तरही निघाला. म्हणाला, चलिए बाबा, घर छोड़ दूँ, ठंड है. मी म्हटलं, तू जा.

लाकडं ओली होती, जळायला वेळ लागला. शेवट होईपर्यंत मी उठलो नाही.